तिसरा पेला

"भाऊजी, याला पाणी कोण घालतं?"

धाकटीने अजून पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. पिशवी फाटकाशी टेकवून ती थेट मागच्या अंगणात आली होती आणि भिंतीलगतच्या तीन कोंबांपाशी उकिडवी बसून मातीत बोट खुपसून पाहत होती. बोट दुसऱ्या पेरापर्यंत सहज आत गेले. बाहेर काढले तेव्हा त्याला काळा चिखल होता.

"कोण घालणार?" पंपवाले काका म्हणाले. "कुणी नाही."

"मग ही माती काय रडून ओली झाली?"

काकांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला ओली माती लागली होती. ती त्यांनी डाव्या पायाने पुसायचा प्रयत्न केला, आणि मग ती दोन्ही पायांना लागली.

"सकाळी जरासं शिंपडतो," ते म्हणाले.

"जरासं म्हणजे?"

"एक झारी."

"रोज?"

"रोजच काही नाही."

"भाऊजी."

"रोज," काका म्हणाले.

धाकटी म्हणजे काकांच्या बायकोची पाठची बहीण. एका रोपवाटिकेत ती वीस वर्षे पिशव्या भरण्यापासून कलमे बांधण्यापर्यंत सगळी कामे करत आली होती. तिच्या नखांत माती नाही असा दिवस कुणी पाहिला नव्हता. बहीण गेली तेव्हा ती येऊन गेली, त्यानंतर आठ महिन्यांनी आज येत होती. बहीण धडधाकट असताना झाडाचे बी तिनेच आणून दिले होते. कागदाच्या पुडीत, सोळा दाणे.

तेव्हा नुसती मजा चालली होती. बी शेंगेच्या जातीचे, वाटाण्याच्या कुळातले, पण खायचे नाही. फूल निळे. शेंगा वाळल्या की काळ्या होतात आणि वाऱ्यावर वाजतात. धाकटीने त्याचे लांबलचक नाव सांगितले होते, ते दारातच सगळे विसरले.

"पाणी लागत नाही ताई याला," ती बहिणीला म्हणाली होती. "पहिलं वर्षभर थोडं, मग विसरून जायचं. मूळ खोल जातं, आपलं आपण शोधतं. एकदा बसलं की जागचं उठवायचं नाही. आणि फूल तिसऱ्या वर्षी. त्याआधी कितीही तोंड बघितलंस तरी नाही."

"म्हणजे जावईच की," ताई म्हणाली. "एकदा पाटावर बसवला की उठवायचा नाही, आणि हसायला तीन वर्षं."

"फक्त एक. या जावयाला आग्रह चालत नाही."

दोघी बहिणी हसता हसता एकमेकींच्या अंगावर पडल्या होत्या. काका दारात उभे राहून म्हणाले होते, "आपल्याला मुलगी नाही, तर तुम्ही थेट जावई आणलात." आणि त्या दिवसापासून झाडाचे नाव जावईबापू पडले. मुलगा दूरच्या शहरात नोकरीला होता, त्याने फोनवर हे ऐकले तेव्हा त्यालाही हसू आले. "बाबा, मेहुण्याला जपा," म्हणाला.

बियांचे कवच कठीण होते. ताईने काकांच्या हत्यारांच्या पेटीतून पॉलिशपेपर काढून एकेक दाणा घासला, कुशीवर जरासे पांढरे दिसेपर्यंत. मग ते काकांच्या जुन्या थर्मासच्या झाकणात भिजत घातले. सोळातले पाच उगवले. पाचातली तीन टिकली. पहिल्या वर्षी वीतभर, दुसऱ्या वर्षी गुडघ्याएवढी. फूल नाही.

"निळं म्हणजे कसलं निळं?" ताई फोनवर बहिणीला विचारायची.

"शाळेत दौत सांडायची बघ, तसलं."

"मग चांगलं गडद आहे." आणि काकांकडे वळून म्हणायची, "अहो, दौत सांडल्यासारखं म्हणते."

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात ती आजारी पडली.

*

धाकटीने फाटकाशी ठेवलेली पिशवी आणून तिच्यातून खुरपे काढले. ते ती बरोबर घेऊनच फिरते, जशी दुसरी बाई कंगवा घेऊन फिरेल. तीन कोंबांतला पहिला तिने बाजूने उकरला. मातीला आंबूस वास होता. कोंब पिवळा, पाने खालून काळी पडलेली. तिने दोन बोटांनी मुळाला धरले आणि वरची साल ओल्या कागदासारखी तिच्या बोटांत उतरून आली.

"हा गेला," ती म्हणाली.

दुसराही तसाच.

काका तिच्या मागे उभे होते. बत्तीस वर्षे त्यांनी गावच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरात काढली होती. साडेपाचला वरची वस्ती, सातला बाजारपेठ, साडेआठला खालची चाळ. कोणत्या घरी पहाटे नळाखाली कळशी लागते आणि कोण उगाच नळ उघडा टाकून झोपते, हे त्यांना पाइपाच्या आवाजावरून कळे. पंपाला कान लावून ते सांगत, "बेअरिंग बोलतंय." पंपघरात त्यांना एकाच गोष्टीची भीती होती. कोरडा पंप. सुरू करण्याआधी त्याच्या पोटात पाणी भरावे लागते. न भरता बटण दाबले तर तो पाच मिनिटांत आतून जळतो. नव्या माणसाला ते पहिल्या दिवशी हेच सांगत. "बाकी काही चुकलं तर मी बघेन. कोरडा फिरवू नकोस."

"धाकटे," ते आता म्हणाले, "कोरडं ठेवलं की जळतं गं."

"पंप जळतो, भाऊजी. हे झाड आहे." तिचा आवाज चढला होता. "थंडीत हे वरून वाळतं, खाली झोपलेलं असतं. तेव्हाही घालत होतात ना रोज?"

"होतो."

"झोपलेल्याच्या तोंडात झारी!"

तिसऱ्या कोंबाशी मात्र ती हळू झाली. खुरपे बाजूला ठेवून बोटांनीच माती सारू लागली. वरचा कोंब गेलेलाच होता, हात लागताच तो कलंडला. तिने तो खुडून टाकला. खाली मुळाचा जाड बुंधा लागला. तिने नखाने साल खरवडली, तपकिरी. अजून खाली, तपकिरी. मग जवळजवळ कोपरापर्यंत हात खाली घालून तिने पुन्हा खरवडले आणि वाकून पाहिले.

"इकडे या. चष्मा लावा."

काका गुडघ्यांवर हात टेकत बसले. खड्ड्यात, नखाएवढ्या जागेत पांढरे दिसत होते.

"जीव आहे?"

"एवढासा." तिने पिशवीतल्या चाकूने कुजलेला भाग कापून टाकला आणि चाकू पदराला पुसला. "वाचेलच असं नाही. या वर्षी आता काही येणार नाही. आत ताकद असली तर पुढच्या वर्षी कोंब येईल. नसली तर नाही."

"आणि फूल?"

"फुलाचं नाव काढू नका."

"मग तोवर मी काय करायचं?"

"काही नाही."

"वर्षभर काहीच नाही?"

"वर्षभर काहीच नाही, भाऊजी. तेच करायचंय."

तिने मातीत कोरडी वाळू मिसळून खड्डा भरला. जागा कळावी म्हणून एक काडी रोवली. मग हात धुवायला ती नळाशी गेली. अंगणातला तो जुना पितळी नळ, वर चार पाकळ्यांची चक्री. तिने चक्री फिरवली तेव्हा पाण्याचा आवाज झाला आणि काकांनी मान दुसरीकडे वळवली.

*

दुपारी धाकटीने भात टाकला, भाजी केली. दोघे जेवायला बसले. तिने काकांच्या ताटाशी पेला भरून ठेवला. जेवण संपत आले तरी पेला तसाच होता.

"पाणी घ्या ना."

"माझा झाला."

"काय झाला?"

"दुसरा." काका भाताची शिते बोटाने गोळा करत होते. "तिसरा संध्याकाळी."

धाकटीचा घास हातातच राहिला. स्वयंपाकघराच्या फळीवर एक स्टीलचा पेला वेगळा ठेवलेला तिला सकाळीच दिसला होता, आत खिळ्याने ओरखडलेली एक रेघ. तो पेला तिने ओळखला होता. ताईच्या आजारपणात डॉक्टरांनी सांगितले होते, हृदय थकले आहे, पाणी उपसले जात नाही, अंगात साठते, फुप्फुसात साठते. दिवसाला तीन पेले, चहा, आमटी सगळे धरून. रेघ काकांनी मारली होती. पाण्याचे माप त्यांच्याइतके कोणाला कळणार?

"तुम्हाला कुणी सांगितलंय तीन?"

"ती तीन पीत होती, तेव्हा मीही तीनच पीत होतो. तिच्यासमोर तांब्या तोंडाला लावायचा म्हणजे..." ते थांबले. "मग सवय राहिली."

"आठ महिने?"

"माझ्या वाटचं उरतं ते मी झाडाला घालतो."

धाकटीने ताट पुढे सारले. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले. मग काका बोलू लागले, ताटाकडे बघत, जसे साहेबाला पंप का बंद पडला ते सांगावे.

"तुला एक सांगायचं राहिलंय. कुणालाच सांगितलं नाही. मुलालाही नाही. एकदा दुपारी मी पडलो होतो. उठून बघतो तर ही खाटेवर नाही. मागे गेलो. नळाखाली बसली होती. धड उभं राहवत नव्हतं तिला, भिंत धरत धरत गेली असणार. नळाला तोंड लावलं होतं. केस भिजलेले. मी दंड धरून ओढली. तोंड भरलेलं होतं तिचं. मी म्हटलं, थुंक."

धाकटीने वळून मागच्या दाराकडे, नळाच्या दिशेने पाहिले.

"थुंकली. लहान मुलासारखी थुंकली गं. माझ्याकडे बघत. मग मी पाना आणून नळाची चक्रीच काढली आणि खिशात टाकली. आतल्या नळाचीही काढली. दिवसभर खिशात दोन चक्र्या. शर्ट एका बाजूला ओढला जायचा. ती म्हणायची, सगळ्या गावाला पाणी सोडलंत, आणि घरातलं खिशात घालून फिरता."

"भाऊजी, पुरे."

"अकरा दिवस. शेवटच्या दिवशी सकाळी म्हणाली, अर्धा पेला द्या. दोन झाले होते तिचे. मध्यरात्री एक दिला होता, तोही त्याच दिवसाचा धरला, म्हणून सकाळीच दोन झाले. मी म्हटलं, तिसरा संध्याकाळी. ती म्हणाली, बरं." काकांनी ताटातले शीत तोंडात घातले. "अकराला गेली. तिसरा भरून ठेवलेला होता, फळीवर, वर बशी झाकून. सगळे आले, गेले, तू आलीस, गेलीस. तो पेला तिथेच. टाकणार कुठे? मोरीत ओतायचा? चौथ्या दिवशी चक्री परत बसवली आणि तो पेला तिच्या झाडाला घातला. म्हटलं, निदान याला तरी. मग दुसऱ्या दिवशी हात राहीना."

दोघांचे उष्टे हात वाळले.

"तिने मला सांगितलं होतं," धाकटी शेवटी म्हणाली. "फोन केला होता, तुम्ही औषधं आणायला गेला होतात तेव्हा."

काकांनी पहिल्यांदाच वर पाहिले. "काय म्हणाली?"

"खोटं सांगू?"

"नको."

"चिडली होती. खूप चिडली होती तुमच्यावर. म्हणाली, या माणसाला मी एवढी वर्षं ओळखते असं वाटत होतं. म्हणाली, थुंक म्हणाले मला." धाकटीने डोळे मनगटाने पुसले, बोटे उष्टी होती. "मी म्हटलं, ताई, तुझ्या भल्यासाठीच. तर म्हणाली, ते मला शिकवू नकोस, मला कळतंय, कळलं म्हणून तहान जाते का?"

काका ऐकत होते. मान हलत होती, अगदी थोडी, जसा कुणी ओळखीचा आवाज लांबून ऐकावा.

"आणि मग?"

"मग काही नाही. ठेवते म्हणाली. ठेवता ठेवता म्हणाली, यांनी शर्ट उलटा घातलाय सकाळपासून, कुणी सांगायलाही नाही. तू आलीस की सांग."

काकांनी नकळत आपल्या शर्टाची शिवण चाचपून पाहिली.

धाकटी उठली. ताटे उचलली. फळीवरचा रेघेचा पेला तिने घेतला नाही, दुसराच एक मोठा तांब्या घेतला, काठोकाठ भरला आणि काकांसमोर ठेवला. "मी जरा पडते," एवढेच म्हणून ती आतल्या खोलीत गेली.

उन्हे उतरल्यावर ती बाहेर आली तेव्हा काका ओसरीवर बसले होते. तांब्या रिकामा होता. तिने विचारले नाही. ती मागच्या अंगणात गेली, काडीपाशी बसली आणि मातीवर तळवा ठेवला. वाळू कोरडी होती, दुपारच्या उन्हाने अजून कोमट.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी काका हत्यारांची पेटी घेऊन नळापाशी गेले. धाकटी चहाचा कप हातात धरून दारात उभी राहिली.

"काढू?" त्यांनी विचारले.

"तुमच्या हाताला राहवत असेल तर राहू द्या."

"हाताला नाही राहवत."

"मग काढा."

पाना नटावर बसला, पण फिरेना. काकांनी पाना काढून घेतला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला. नटाचा नव्हे, त्यांच्या हाताचाच प्रश्न होता. तेवढ्यात धाकटी जवळ आली आणि तिने काही न बोलता नळाला एका हाताने आधार दिला. नट सुटला. चक्री काकांच्या तळहातावर आली. चारी पाकळ्या वापराने गुळगुळीत झालेल्या.

"तिला हवं होतं आणि मी दिलं नाही," काका म्हणाले. "हे मागत नाही आणि मी..."

"हो," धाकटी म्हणाली. "पण चहा निवतोय तुमचा."

चार दिवस राहून ती परत गेली. जाताना रेघेचा पेला तिने मागून घेतला आणि काकांनी दिला. आतल्या नळाचे काय, असे तिने विचारले नाही. तो चालू होता, आणि काका आता त्याचे पाणी पीत होते. पहिले काही दिवस ते पाणी घशाखाली उतरताना दुखायचे. मग दुखेनासे झाले, आणि त्याचेही त्यांना वाईट वाटले.

दर आठवड्याला फोन येई.

"काही केलंत का?"

"नाही."

"खरं?"

"काडीला विचार."

"शाबास."

ऊन वाढत गेले. शेजारच्या कुंड्यांतली झाडे माना टाकू लागली, तशी काकांचीही सकाळ अवघड होऊ लागली. ते साडेपाचला उठत, झारी जिथे असे त्या कोपऱ्याकडे जात, आणि मग झारी त्यांनी माळ्यावर टाकली आहे हे आठवून तिथेच उभे राहत. काडीपाशी बसत. बघण्यासारखे काही नव्हते. वाळू, काडी, काडीची सावली. एकदा एक मुंगळा काडीवर चढला, टोकाला जाऊन थांबला आणि परत उतरला. काकांनी तो उतरेपर्यंत बघितला.

एका दुपारी पंपघरातला नवा माणूस आला. नवा म्हणजे काकांच्या जागी आलेला. दोन मुलांचा बाप, डोक्यावर टक्कल पडत आलेले. खालच्या चाळीची मुख्य झडप अडकली होती, आणि ती डावीकडे आधी किती आटे फिरवून मग सोडायची हे काकांखेरीज कुणाला ठाऊक नव्हते.

"अडीच आटे उलटी," काका म्हणाले. "मग थांब. पाइप खोकला की सोड."

"पाइप खोकतो?"

"खोकतो. ऐकशील."

नवा माणूस हसला. सायकल हाणत आल्याने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. तो सरळ अंगणातल्या नळाशी गेला, एका हाताची ओंजळ पुढे केली, आणि दुसऱ्या हाताने चाचपडला.

"काका, याची चक्री कुठंय? चोरीला गेली की काय? पंपवाल्याच्या घरचा नळ, लोक हसतील."

काकांनी खिशात हात घातला. चक्री अंगाच्या उबेने गरम झाली होती. त्यांनी ती नळावर बसवली, हातानेच दाबून धरली आणि फिरवली. आधी हवा आली, मग गढूळ धार, मग स्वच्छ. नवा माणूस पोटभर प्यायला. तोंडावर मारले, मानेवर मारले, डोक्यावर घेतले. "वा," म्हणाला, "गार आहे हो." पाणी फरशीवरून ओघळले, मातीत उतरले, वाट शोधत भिंतीच्या बाजूने निघाले.

काकांनी चक्री बंद केली. पण सांडलेले पाणी पुढे जातच होते, बोटाएवढी धार, थेट काडीच्या दिशेने. ते गुडघ्यांवर बसले. आजूबाजूला वीट नव्हती, फळी नव्हती. त्यांनी तळहाताची कड मातीत रोवली आणि धारेसमोर आडवी धरली.

पाणी हाताला येऊन थांबले. जरा फुगले. बोटांच्या फटीतून येऊ पाहणारे त्यांनी बोटे जुळवून अडवले.

"काय करताय काका?" नव्या माणसाने ओले तोंड पुसत विचारले.

"काही नाही," काका म्हणाले. "थांब जरा. जिरू दे."

आणि पाणी जिथल्या तिथे मातीत जिरेपर्यंत ते हात न हलवता तसेच बसून राहिले.